गुलाबरावची उरलेली अर्धी गोष्ट

गुरुवार होता. गुलाबराव दुपारी नानाच्या इथून आले ते हासतच आले. चप्पल काढता काढता म्हणे, "कांता, नानाले आज अशा जागी सोडलं का आता हप्ताभर तगमग होइन बुढ्याची."

कांताबाई परातीत गहू निवडून राह्यली होती. मान वर न करताच तिनं इचारलं, "कोठी सोडलं?"

"जहाजाच्या भोंग्यापाशी. सकाळी तुले सांगतलं ना, तेथीच."

मंग म्हणे, छातीवर कोणी गोटा ठेवल्यावाणी होऊन राह्यलं, जरासाक पडतो. गॅस झाला असन, निंबू पिळून दे. कांताबाई उठली, निंबू कापला, गिलासात पिळला, मीठ टाकलं, चमच्यानं हालवलं. मांगं फिरून पाह्यते तं गुलाबराव खाटेवर कुशीवर झाले होते अन् एक हात खाली लोंबत होता. तिनं गिलास खाली ठेवला. हाक मारली. मंग हालवलं. मंग ती तशीच रोडावर पळत गेली. शेजारच्यायनं ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे उघडून पाह्यले अन् हळूच पापण्या खाली केल्या.

घरी आणलं तवा तो गिलास तेथीच होता, खाटेच्या पायापाशी. गर्दीत कोणाचाबी पाय लागला नाई त्याले.

दोन हजार सातची गोष्ट हाय, फेब्रुवारीतली. गुलाबरावचं वय काही जायाचं नोतं.

वर्ध्याच्या नालवाडीत त्यायचं दुकान सगळ्यायले मालूम. समोरच्या खोलीत दुकान, मांगं घर, मधात परदा. पाटीवर 'गुलाब लायब्ररी' लिवलं होतं. पह्यले पुस्तकं अन् मासिकं किरायानं देत, मंग कॅसेटी आल्या, मंग सिडी, अन् शेवटी शेवटी भितीले लागून दोन कंपूटर ठेवले होते, पोट्टे येऊन गेम खेळत. पण बाकीच्या लायब्रऱ्यायपेक्षा हे दुकान येगळं होतं, अन् ते येगळं काऊन होतं हे कांताबाईशिवाय कोणाले धड मालूम नोतं.

लायब्ररीच्या अगुदर गुलाबराव हिंगणघाटच्या एका जिनात कामाले होते. कापसातून सरकी काढाच्या मशिनी तेथी वाफेच्या मोठ्या इंजिनावर चालत, अन् त्या इंजिनाले तेल घालाचं काम गुलाबरावचं. कांताबाई लगन होऊन आली तवा घरात घड्याळ नोतं. जिनाचा भोंगा वाजला का ती चुल्यावर तवा टाके, दुसरा वाजला का डबा देऊन पाठवे. मंग मालकानं बिजलीच्या मोटरी बसवल्या. इंजन नको झालं. गॅसनं कापून भंगारात द्याचं ठरलं.

त्या दिवशी बॉयलरात जेवढी वाफ उरली होती तेवढी गुलाबरावनं भोंग्याची दोरी धरून सारी सोडली. भोंगा पह्यले रोजच्यावाणी वाजला. मंग वाजतच राह्यला. मंग आवाज बसत गेला, रडून रडून लेकराचा बसते तसा, अन् मंग नुसती हवा. घरी कांताबाईची भाकर तव्यावर करपली, तिच्या ध्यानातच नाई आलं.

संध्याकाळी तिनं इचारलं, "एवढा येळ काऊन वाजवला? कोण आयकून राह्यलं होतं?"

"तुले आयकू आला का?"

"हाव."

"मंग झालं."

एवढंच बोलले. त्याच्यावर पुन्हा कधी गोष्ट निंघाली नाई.

वर्ध्याले येऊन नालवाडीत दुकान टाकलं, त्याले काही वर्षं झाली असन. एकडाव ते नागपूरले कॅसेटी आणाले गेलते. सीताबर्डीवर फुटपाथवर एक इंग्रजी पिच्चरची कॅसेट दिसली, वर चित्र होतं जहाजाचं, पण जहाज ढगात, अन् त्याले धुराडं. घेऊन आले. रातच्याले लावाले गेले तं लाइन गेली, सकाळी लावली. चहा थंडा झाला तरी उठले नाई. मंग आवाज दिला, "कांता, इकडे ये वं. पाह्य."

ती हात पुसत आली. पडद्यावर सारं शहर वाफेवर चालून राह्यलं होतं. गाड्या वाफेच्या, दिवे वाफेचे, लंगड्या शिपायाचा पायबी वाफेचा, पितळेचा, चालला का फुस्स कराचा. बिजली कोठीच नाई.

"पाह्यलं का," गुलाबराव म्हणे. "येयच्या गावात इंजन कोणी कापलंच नाई."

तवापासून त्यायले तोच नाद लागला. जेथी जाईन तेथून वाफेच्या गोष्टी धुंडाळून आणत. पुस्तक असो, कॅसेट असो, गेम असो. अन् साऱ्या एकाच कप्प्यात ठेवत. लोक म्हणत, गुलाबराव, पुस्तकाच्या बाजूले सिडी कायले ठेवता, पुस्तकं इकडे सिड्या तिकडे ठेवा. ते म्हणत, "एका घरची माणसं हायेत, काऊन येगळं करू?" इंजिनेरिंगच्या एका पोट्ट्यानं सांगतलं, काका, येले इंग्रजीत स्टीमपंक म्हणतेत. गुलाबराव म्हणे, "असन बाप्पा, त्यायच्यात तसं म्हणत असन." आपल्या दुकानात मात्र तो वाफेचा कप्पाच राह्यला.

गोष्ट द्याचीबी त्यायची एक तऱ्हा होती. गिऱ्हाइकानं काय पाह्यजे हे सांगतलेलं त्यायले चालत नोतं. काय काम करता, ते सांगा म्हणत. घड्याळ दुरुस्तीवाले मधुकरराव एक दिवस आले अन् म्हणे, "मारामारीचं एखांदं द्या."

"दिवसभर काय करता तुमी?"

"तुमाले मालूम नाई का? घड्याळं खोलतो."

"मंग हे न्या. येच्यात एका गावात वाफेवर चालणारं मोठं घड्याळ हाय. सारं गाव त्याच्यावर उठते अन् झोपते. त्या घड्याळवाल्याची पोरगी बिमार पडते. डॉक्टर सांगते, आता आजचाच दिवस. तं हा काय करते, घड्याळाची वाफ कमी कमी करत जाते. काटे हळू होतेत. साऱ्या गावाचा दिवस लांबत जाते."

"असं होते का कोठी?"

"नाई होत. म्हणून तं पिच्चर काढला त्यायनं."

"मंग पुढं?"

"पुढचं घरी जाऊन पाहा."

अशी अर्धी गोष्ट सांगाची. पिच्चर इंग्रजी, लोकायले कळत नाई, म्हणून पह्यला अर्धा गुलाबराव काउंटरवर उभं राहून सांगत, उरलेला अर्धा लोक घरी पाहात. पह्यला डोक्शात बसला असला का मंग इंग्रजी नाई समजलं तरी अडत नाई. मधुकरराव कॅसेट वापस द्याले आले तवा काउंटरवर ठेवून निस्ते उभे राह्यले. मंग म्हणे, "गुलाबराव, मारामारी नोती."

"आवडलं नाई का?"

"पुन्हा एक दिवस ठेवतो," म्हणे, अन् घेऊन गेले.

खानावळवाल्या सीताबाईले त्यायनं पुस्तक देलं होतं. त्याच्यात एका राजाचा महाल हवेत तरंगते, बायायच्या चुल्यायच्या वाफेवर, अन् एक दिवस साऱ्या बाया ठरवतेत का आज चूल पेटवाची नाई. सीताबाईनं ते पुस्तक खानावळीत गल्ल्यापाशीच ठेवलं होतं. कोणी भाजीले नाव ठेवलं का म्हणे, "हे वाचा अगुदर." एष्टीच्या डायवरायले गेम देत, वाळवंटातून वाफेची गाडी न्याची, पाणी थोडं, तेवढ्यातच आपण प्याचं अन् इंजिनालेबी पाजाचं. डायवर लोक ड्यूटी संपवून येत अन् पुन्हा गाडीच चालवत बसत. पोट्टे ते गेम खेळाचे तं पटकन मराचे. गुलाबराव मांगं उभं राहून म्हणत, "अबे, तुहा घसा नंतर वला कर. इंजन बसलं तं तूबी बसशीन."

ह्या साऱ्या गोष्टी कांताबाई परद्यामांगून आयके. भाकर थापता थापता, भांडे घासता घासता. म्हणून तिले सगळ्या गोष्टीचा पह्यला अर्धा पाठ होता अन् दुसरा एकाचाबी मालूम नोता. एक-दोनदा गुलाबरावनं तिले समोर बसवली, तं दिवसभराची थकलेली, जहाज उडाच्या आतच तिचा डोळा लागे.

"तुले काय दाखवू वं," गुलाबराव म्हणत, "तुले पह्यलाच अर्धा पुरते."

ती चवथी शिकलेली. पुस्तक हातात घेतलं का अक्षरं जुळवता जुळवता इसरून जाय का सुरुवातीले काय होतं. पण आयकलेलं तिच्या डोक्शातून जात नाई.

मंग पोरगा पियुष पुण्याले शिकाले गेला. पह्यल्या दिवाळीले घरी आला तं तोंड उतरलेलं. जेवताना म्हणे, "बाबा, तुमी सांगता ना ती घड्याळाची गोष्ट, ते तसं नाईच हाय. होस्टेलात म्या सांगतली तं सारे हासले. त्या पिच्चरमध्ये तो माणूस घड्याळ हळू करते कारण त्याले बँकेत चोरी कराची असते. पोरगी त्याची नाईच हाय. ते मालकाची पोरगी हाय, अन् तिले निस्तं पडसं झालं असते."

कांताबाईचा घास हातातच राह्यला. गुलाबरावले इंग्रजी येत नाई हे साऱ्या नालवाडीले मालूम होतं, पण हा इचार कोणाच्याच डोक्शात कधी आला नोता. ज्याले इंग्रजी येत नाई तो इंग्रजी पिच्चरची गोष्ट सांगते कशी? चित्र पाहून पाहून आपल्या मनानंच लावत होते बिचारे. कोण कोणाचा बाप, कोण कोणाची पोरगी, कोण कायले रडून राह्यला, सारं अंदाजानं. अन् आयकणारे घरी जाऊन त्याच अंदाजानं उरलेलं पाहात.

गुलाबराव वरणात भाकर कुस्करत होते. कुस्करून झाल्यावर म्हणे, "मंग त्यायनं चुकीचा बनवला असन."

पियुष हासला नाई. पण कांताबाईले हासू आलं, अन् मंग गुलाबरावलेबी.

आता नाना.

नाना म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातले. वर्धा टेशनवर मालधक्क्यावर बाबू होते, लय वर्षं नोकरी केली. वाफेच्या इंजिनायचा जमाना त्यायनं सारा पाह्यला होता. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं डोळे गेले. आवाजावरून मात्र सगळं ओळखत, कोणाची सायकल, कोणाची चप्पल. घरी पोरगा अभिराम, तो बँकेत, अन् सून प्रमोदिनी. नानाले पुस्तक वाचता येत नाई, पिच्चर पाहता येत नाई, म्हणून गुलाबरावनं त्यायच्यासाठी येगळा कायदा केला होता. बाकीच्यायले अर्धी गोष्ट, नानाले दोन्ही अर्ध्या. एक ह्या गुरुवारी, दुसरी पुढच्या गुरुवारी. दुपारी दुकान बंद करून जात.

नाना गोष्ट गपगुमान आयकणाऱ्यातले नोते.

"गुलाब, अरे कोळसा टाकला की लगेच वाफ होते का? थंड इंजिनाला तास न् तास लागतात."

"गोष्टीतल्या इंजिनाले लागत नाई, नाना."

"आणि पाणी? पाणी कुठं भरलं त्यांनी?"

"ढगातून जाऊन राह्यलं ना जहाज. पाणीच पाणी हाय."

"हं," नाना म्हणत. "हे पटलं. पुढं सांग."

ह्या दोघायचं असं दर गुरुवारी चाले. प्रमोदिनी मंदाबाई धुणंवालीले सांगे का आमच्या घरी गुरुवारी दत्ताचं काही नसते, इंजिनाचं असते.

अन् त्या शेवटच्या गुरुवारची गोष्ट अशी होती. एका बाईचा बाप लहानपणीच हरवला. ती मोठी झाली, वाफेच्या जहाजाची कप्तान झाली, अन् बापाले धुंडत साऱ्या मुलखातून फिरली. शेवटी एका खोऱ्यावर येते. खाली मरणाचं धुकं. तिले दुर्बिणीतून दिसते, धुक्याच्या एका फटीत बुढा उभा हाय. तोच. पण मंग धुकं मिटते. कोळसा सरला. वाफ उरली थोडीशी. तेवढ्या वाफेत एकच काम होईन. नाई तं जहाज डोंगरापलीकडे सुखरूप उतरवाचं, नाई तं भोंगा वाजवून खाली बापाले सांगाचं का मी आली हाय. भोंगा वाजवला तं जहाज गेलं. नाई वाजवला तं बाप आंधळ्यावाणी धुक्यात चालत जाईन अन् पुन्हा सापडाचा नाई.

तिनं भोंग्याच्या दोरीले हात लावला. येथी गुलाबराव उठले होते.

तेरवी झाली. पियुष आला होता, गुलाबरावची मोठी बहीण भागीरथाबाई केळझरवरून येऊन राह्यली होती. लोक येत, बसत, गुलाबरावच्या कोणत्या ना कोणत्या गोष्टीचा पह्यला अर्धा सांगत, अन् उठून जात. मधुकरराव आले ते परदा पाहात बसले. जाताना भितीवरच्या घड्याळाले चाबी देऊन गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी आली. जरासाक इकडचं तिकडचं झालं, मंग म्हणे, "वहिनी, सांगू की नको असं झालंय. यांची बदली झाली, नाशिकला. येत्या शनिवारी सामान जातंय, नानांना घेऊन आम्हीही. नाना रोज विचारतात."

"काय इचारतेत?"

"भोंगा वाजवला की नाही." प्रमोदिनीनं पदरानं नाक पुसलं. "मी म्हटलं, नाना, गुलाबराव गेले. म्हणतात, ते कळलं मला. पण तिनं दोरीला हात लावलाय. ती काही तशीच उभी राहणार नाही. जेवण नीट नाही त्यांचं. काल तर म्हणाले, गुलाबनं माझ्याकडे विश्वासानं ठेवलंय, मी अर्धं घेऊन कुठं जाऊ."

प्रमोदिनी गेल्यावर तिनं पियुषले आवाज देला. "बाबाची ती शेवटची सिडी लाव. उरलेला अर्धा पाह्य. अन् नानाले जाऊन सांग."

पियुषनं सिडी लावली. कांताबाई मांगं भितीले टेकून बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. ह्या डाव तिचा डोळा लागला नाई. पडद्यावर ती बाई दिसली, जहाज दिसलं, धुकं दिसलं. मंग मोठा धमाका झाला, अन् पियुषनं बंद केलं.

"आई, ते तसं नाई हाय."

"कसं हाय?"

"ते बाई बापाले नाई धुंडून राह्यली. ते फौजेत हाय. खाली धुक्यात जो बुढा हाय तो दुश्मनायचा सेनापती हाय. ते त्याच्यावर बॉम्ब टाकते. खतम."

"अन् भोंगा?"

"भोंगा नाई तो. बॉम्ब सोडाचा दांडा हाय."

"तुहे बाबा म्हणत होते, दुर्बिणीतून पाह्यलं तवा तिचे डोळे भरले."

"डोळ्यात धूर गेला, आई, तिच्या."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मंग पियुष म्हणे, "मी जाऊन खरी गोष्ट सांगू का नानाले?"

"त्यायले बापाची गोष्ट आयकाची हाय. बॉम्बची नाई."

"पण बाबाच्या डोक्शात शेवट काय होता हे कोणाले मालूम?"

हेच तं होतं. सिडीत नोता तो शेवट. पुस्तकात नोता. गुलाबरावनं तो पुढच्या गुरुवारी सांगाचा म्हणून ठेवला होता, अन् आपल्यासंगच घेऊन गेले. कांताबाई उठली अन् चहा ठेवला. पाणी उकळाले लागलं तवा झाकणी उडून राह्यली होती, टण टण टण. ती पाहात उभी राह्यली. चहापत्ती टाकणं राहूनच गेलं.

मंग तिनं भागीरथाबाईले सांगतलं, "अक्का, मी नानाच्या इथी जातो उद्या."

भागीरथाबाईनं जपाची माळ खाली ठेवली. "तू?"

"गुरुवार हाय. शनिवारी ते जातेत."

"सव्वा महिना व्हाचा हाय वं बाई. तळेगाववरून तुहा भाऊ येइन, घेऊन जाईन, मंग बाहेर निंगजो. असं आधी कोणाच्या घरात पाय ठेवत नाई. त्यायचं जाण्यायेण्याचं हाय, नव्या गावाले चालले, त्यायलेबी बरं नाई वाटाचं."

"भाऊ संत्रा तोडणीत हाय. तो पुढच्या महिन्यात येइन. तवालोक नाना नाशिकले."

"पोरग्याले पाठव."

"त्याले गोष्ट येत नाई."

"अन् तुले येते?"

भागीरथाबाई खाली ठेवलेल्या माळेचे मणी तशीच बोटानं सरकवत राह्यली. ती काही वाईट बाई नोती. तरुणपणीच नवरा गेला तवा तिनंबी हे सारं भोगलं होतं, अन् तिच्यासाठी कोणी एकबी रिवाज मोडला नोता. शेवटी म्हणे, "गुल्या लहान होता तवा माह्या मांगं मांगं फिराचा. बाई, गोष्ट सांग, बाई, गोष्ट सांग. मी अर्धीच सांगून झोपी जात होती. उरलेली तो आपल्या मनानंच लावे, अन् सकाळी मलेच सांगे."

"हाव का?"

"हाव." मंग माळ उचलता उचलता म्हणे, "म्या घरात पाय ठेवू नको म्हटलं. ओट्यावर बसू नको असं म्या म्हटलं नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बायका गल्लीतून गेल्या. कांताबाईचा पदर डोक्शावरून खाली, भागीरथाबाई एक पाऊल समोर, कोणी काही बोललंच तं उत्तर द्याले. कोणी बोललं नाई. नानाच्या घरापुढं खोके बांधून ठेवले होते. कांताबाई ओट्यावर बसली, दरवाज्याच्या बाहेर, चौकटीले टेकून. आतून अभिरामनं अन् प्रमोदिनीनं नानाची खाट सरकवत सरकवत उंबऱ्यापाशी आणली. खाटेचे पाय फरशीवर करकर वाजले. नानानं हात पुढं करून चौकट चाचपली.

"कोण, कांताबाई?"

"हाव, नाना."

"पाय ओळखले नाहीत मी."

"दारात काढून ठेवली चप्पल."

नानानं चौकटीवरचा हात तसाच ठेवला. मंग म्हणे, "गुलाब कुठं थांबला होता, ठाऊक आहे तुम्हाला?"

"दोरीले हात लावला तेथी."

"हो."

कांताबाईनं पदर सारखा केला. हात कोठी ठेवावे तिले समजेना, मंग मांडीवर ठेवले. अन् सांगाले लागली. भागीरथाबाईनं मांगून हळूच तिच्या पाठीले हात लावला.

"तिनं दोरी वढली, नाना. भोंगा वाजला. पह्यले रोजच्यावाणी वाजला. खाली खोऱ्यात बुढा चालून राह्यला होता, तो थांबला. त्याले वाटलं, वारा असन. पण भोंगा वाजतच राह्यला. जहाजावरचे लोक म्हणे, बाई, सोड दोरी, वाफ चालली. तिनं नाई सोडली. जहाज खाली खाली याले लागलं. त्या बुढ्याले धुक्यात काहीच दिसत नोतं, स्वतःचा हात दिसत नोता. पण आयकू येत होतं. दिसत नाई तवा आयकूच येते, नाना. तो आवाजाकडे फिरला. एक एक पाय टाकत आला. मंग भोंग्याचा आवाज बसत गेला, रडून रडून लेकराचा बसते तसा. मंग नुसती हवा राह्यली. तेवढ्यात जहाजाचं बूड चिखलाले लागलं. कोणी मेलं नाई. जहाज मोडलं. बाई खाली उतरली. बुढा म्हणे, एवढा येळ काऊन वाजवला? ती म्हणे, तुमाले आयकू आला का? तो म्हणे, हाव."

ती थांबली. पियुष मांगून येऊन रोडावर उभा होता, तिले मालूम नोतं.

"ती म्हणे, मंग झालं."

प्रमोदिनीच्या हातात दोरीची गुंडी होती खोके बांधाची, ती तशीच. नानाची मान खाली होती. मंग त्यायनं मान वर केली, दरवाज्याकडे नाई, थोडी बाजूले, जेथी गुलाबराव स्टूल टाकून बसत तिकडे.

"पण गुलाब," नाना म्हणे, "एवढ्याशा वाफेत भोंगा इतका वेळ वाजत नाही."

अभिराम पुढं झाला, बापाच्या खांद्यावर हात ठेवाले. भागीरथाबाईनं त्याले हातानंच थांबवलं.

कांताबाईनं डोळे पुसले.

"गोष्टीतला वाजते, नाना," ती म्हणे.

"हं," नाना म्हणे. मंग खाटेवर पाय वर घेतले अन् सुनेले म्हणे, भूक लागली, काही आहे का.